समुद्रात थांबलेला ठिपका

आत्ताच फोन ठेवलाय, लगेच लिहितोय.

आई-बाबा पुण्याहून ऑस्ट्रेलियाला फिरायला गेलेत. तासातासाचं प्लॅनिंग मी इथे अमेरिकेत, रेडमंडला बसून एक्सेलमध्ये करून दिलंय. आज मंगळवार, म्हणजे ‘आराम, किनाऱ्यावर फेरफटका’.

दुपारी चारला मीटिंगमध्ये सहज आईचं लाइव्ह लोकेशन उघडलं. ठिपका भर समुद्रात! आणि हलतच नव्हता. दोघांनाही पोहता येत नाही, यार.

मीटिंग सोडून बाहेर पळालो. अकरा कॉल केले. रिंग जात होती, उचलत कुणी नव्हतं. हॉटेलला फोन लावायला गेलो, तर नंबर तीनदा चुकला.

बाराव्या कॉलला आईने उचललं. “अरे, काचेच्या तळाच्या बोटीत आहोत! खाली पोवळी काय, मासे काय! तूच लिहिलंयस ना, बुधवारी सकाळी बोट?”

“आई, आज मंगळवार आहे!”

“तुझ्याकडे. आमच्याकडे बुधवार कधीच उजाडला. ठेवते, कासव आलंय.”

त्यांचा एकेक तास मी आखून दिला होता. पण त्यांच्याकडे आज वार कोणता, हेच मला ठाऊक नव्हतं.

तुमच्या आई-बाबांकडे आत्ता किती वाजलेत? फोन न बघता सांगा.