तारा सुटलेल्या होत्या, मशीन चालू होतं

कुपवाडला माझं बॅटरीचं वर्कशॉप आहे, वीस वर्षं होत आली. बॅटरी कशाने मेली हे मीटर लावून सांगणं हाच धंदा. त्यामुळे कुणी भुताखेतांचं काढलं की मी चहाला उठायचो. आजही अंगात येण्यावर वगैरे माझा विश्वास नाही. पण गेल्या पावसाळ्यात जे झालं ते मी हातात टेस्टर धरून पाहिलंय... म्हणून लिहितोय.

कराडच्या पश्चिमेला डोंगरावर सात-आठ घरांची एक वस्ती आहे. नाव मुद्दाम देत नाही. तिथे एक रिटायर्ड सुभेदार आणि त्यांची बायको, दोघंच राहायचे. मी त्यांना मामा-मामी म्हणायचो. विजेची लाईन तिथवर पोचलेली नाही, म्हणून मीच त्यांना सोलर पॅनेल, इन्व्हर्टर आणि चार मोठ्या बॅटऱ्या बसवून दिल्या होत्या. पुढे मामींची फुफ्फुसं निकामी होत गेली आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं — हवेतला ऑक्सिजन काढून नळीने नाकात देणारं.

पावसाळ्यात पॅनेलला ऊन मिळेना. बॅटरी अर्धी उतरली की इन्व्हर्टर आपोआप बंद पडायचा. सेटिंगच तशी ठेवली होती. ही ॲसिडची बॅटरी पार तळापर्यंत उतरवून तशीच रिकामी ठेवली, तर आतल्या प्लेटांवर थर धरतो आणि मग ती चार्जच घेत नाही. मामांना हे सांगितलं.

"बॅटरी मेली तर दुसरी मिळंल," ते म्हणाले. "तू ती सेटिंग काढ."

मामी समोरच खाटेवर धापा टाकत बसल्या होत्या. मी काढली.

दीड महिन्यात बॅटऱ्या संपल्या. एका सोमवारी मामांचा फोन आला. "संजू, मशीन धा मिनिटं बी चालत न्हाई. सिलिंडरवर ठेवलीया तिला. उद्या सांजंपतूर पुरंल."

उद्या नवीन बॅटऱ्या घेऊन येतो म्हणालो. मंगळवारी सकाळी आधी रहिमतपूरचं एक काम उरकायला गेलो — तासाभराचं होतं, चार तास गेले. तिथून निघालो तोवर घाटात दरड कोसळली होती. रस्ता दोन दिवस बंद. मामांचा फोन लागेना. ते दोन दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही.

गुरुवारी दुपारी टेम्पो वर पोचला. मामा पडवीत उभे होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "हाय. जित्ती हाय."

बॅटऱ्या पडवीतच होत्या. पत्र्यावर पाऊस नुसता वाजत होता. मीटर लावला — अठ्ठेचाळीस व्होल्टच्या जागी एकोणीस. ॲसिड तपासलं तर जवळजवळ पाणीच. इन्व्हर्टरवर एकही दिवा नाही. जुन्या बॅटऱ्यांच्या तारा सोडवून बाजूला ठेवल्या. तेवढ्यात पाऊस थांबला... आणि आतून आवाज आला. फुस्स... टक. फुस्स... टक.

मशीन चालू होतं.

"जनरेटर आणला का, मामा?"

"कसला जनरेटर. मंगळवारी सांजंला सिलिंडर सपला. ती निळी पडाय लागली. मी हात धरून बसलो हुतो... आन् हे आपसूक सुरू झालं. तवापास्नं थांबलं न्हाई."

आत गेलो. मशीनवर हिरवा दिवा. ऑक्सिजन किती जातोय ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीतली गोळी दोनवर तरंगत होती. सॉकेटमध्ये टेस्टर घातला — उजेड नाही. मग प्लगच उपसून हातात घेतला. फुस्स... टक. त्या मॉडेलमध्ये आत बॅटरी नसते, हे मला पक्कं माहीत आहे.

मामींनी डोळे उघडले. "असू दे रं बाळा," त्या म्हणाल्या. "चाललंय न्हवं."

मी मामांना बाहेर नेलं. म्हणालो, हे कशावर चाललंय ते मला कळत नाही, कधी थांबेल तेही सांगता येत नाही. नवीन बॅटऱ्या चार्ज करूनच आणल्यात. जोडू?

ते आत जाऊन मामींकडे बघून आले. मग म्हणाले, "जोड."

प्लग परत लावला. बॅटऱ्या जोडल्या, इन्व्हर्टर चालू केला. खोलीतला बल्ब लागला. आणि मशीन थांबलं.

सॉकेटमध्ये पूर्ण सप्लाय, टेस्टर लख्ख. मशीन मात्र ढिम्म. बटण, फ्यूज, वायर — सगळं बघितलं. प्लग पुन्हा उपसून, तारा सोडवूनही पाहिलं. मग मामींना उचलून टेम्पोत घातलं आणि जमेल तेवढ्या जोरात खाली निघालो. कराड यायच्या आधीच त्या गेल्या. मामांच्या मांडीवर डोकं होतं.

नंतर ते मशीन मी सांगलीत एका ओळखीच्या मेकॅनिककडून उघडून घेतलं. आतली मोटर जळून जाम झाली होती. तो म्हणाला, "हे गुरुवारी चालू होतं? शक्यच नाही. मोटर त्याआधीच जळलीय." कॉलेजच्या एका सरांनाही विचारलं. पॅनेलमधून करंट येत असेल, म्हणाले. प्लग हातात होता हे सांगितल्यावर त्यांनी विषय बदलला.

तेराव्याला मामांकडे गेलो होतो. माणसं पांगल्यावर ते माझ्या शेजारी येऊन बसले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "संजू, आपन तिचं ऐकलं असतं तर?"

आजही त्यांचा फोन आला की उचलायच्या आधी मी थोडा थांबतो... पुन्हा तेच विचारतील म्हणून. ते कधीच विचारत नाहीत.