आधी हात धुऊन या

हेमकांतनानांच्या घरी पाहुणा आला, की त्याला आधी हात धुवायला लावतात. नवखा माणूस खूश होतो. त्याला वाटतं, पानं वाढलेली दिसताहेत. बिचारा हात धुतो, टॉवेलला पुसतो आणि आशेने स्वयंपाकघराकडे बघत बसतो. मग नाना येतात आणि त्याच्या हातात एक सीडी ठेवतात. तीही कडेकडेने धरायची. कोणी मध्ये बोट टेकवलंच तर नाना नुसता सुस्कारा सोडतात. तो सुस्कारा मी ऐकलाय, त्यापेक्षा शिवी बरी.

मी नूतन. लोणखेड्यात आमची आणि नानांची भिंतीला भिंत. मी कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करते आणि माझी नजर रंगांच्या बाबतीत चोख आहे अशी नानांनी स्वतःची समजूत करून घेतली आहे. त्यामुळे सीडीवर नवरीचा शालू मेंदी रंगाचा छापला गेलाय की शेवाळी, हे ठरवायला मला गॅसवरची भाजी सोडून जावं लागतं. माझ्या किती भाज्या या माणसापायी करपल्या, ते माझ्या नवऱ्याला विचारा. दर वेळी मी ठरवते की आता जायचं नाही, आणि हाक आली की पदर खोचून निघते.

नाना लग्नांचं शूटिंग करायचे. शहादा तालुक्यात असं गाव नसेल, जिथे ते खांद्यावर कॅमेरा घेऊन मांडवात उभे राहिले नाहीत. तेव्हा लग्न झालं की घरोघरी सीडी जायची. खरं तर ती डीव्हीडी, पण आमच्याकडे गोल आणि चकचकीत असेल ते सगळं सीडीच. मग पेनड्राइव्ह आले. कानामागून आली अन् तिखट झाली, त्यातला प्रकार. आता तर लग्न फोनमध्ये येतं आणि फोनमध्येच हरवतं. बाकीच्या शूटिंगवाल्यांनी सीडीचं सामान भंगारात दिलं. नानांनी मात्र ज्याच्या ट्रेमध्ये सीडी बसते असा शाईचा प्रिंटर घेतला आणि पाठ पांढरी असलेल्या सीड्यांवर घरीच फोटो छापायला लागले. जग उलट्या दिशेला चाललेलं असताना या माणसाला हे सुचलं.

यामागे फुई होती.

फुई म्हणजे नानांच्या वडिलांची बहीण, भिकुबाई. सारंगखेड्याला असते. नाना लहान असताना त्यांची आई सारखी आजारी, म्हणून फुईनेच त्यांना वाढवलं. फुईची एकुलती एक मुलगी ममता लग्न होऊन सुरतेला गेली. तिच्या लग्नाची, डोहाळेजेवणाची, तिच्या लेकाच्या जावळाची अशा सगळ्या सीड्या नानांनी फुईला करून दिल्या, आणि वरती मार्करने नावंही लिहिली. फुईला वाचता येत नाही, हे लिहिताना त्यांच्या लक्षात आलं नसावं. एकदा तिने ममताचं लग्न बघायला गल्लीतल्या बायका जमवल्या, चहा केला, आणि लावली ती सीडी निघाली कुठल्याशा सोसायटीच्या वार्षिक सभेची. नानांनी ती चुकून तिच्याकडे दिली होती. बायकांनी फेटेवाले पाहुणे बघून अर्धी सभा वऱ्हाड समजून पाहिली. चेअरमनला तर एकीने नवऱ्याचा काका ठरवून टाकलं.

नाना हसून हसून बेजार झाले. फुई हसली नाही. ती एवढंच म्हणाली, "मन्ही आंडेरले भेटाले माले दुसराले इचारनं पडस." आपल्याच मुलीला भेटायला दुसऱ्याला विचारावं लागतं, हे तिला लागलं होतं. नानांचं हसू तिथेच थांबलं. फुईला वाटेल तेव्हा, कोणाला न विचारता, हातात घेतल्याबरोबर कळेल अशी सीडी करायची, हे त्यांनी मनावर घेतलं. अक्षर नको, चेहरा हवा. आणि फुईची नजर अधू, म्हणून चेहरा असा हवा की चष्मा नसला तरी ओळखू यावा.

पहिली ममता छापून आली ती थेट भरताचं वांगं. प्रिंटरला सीडी आहे म्हणून सांगायचं असतं, नानांनी साधा कागद सांगितला होता. शाई नुसती साचली आणि बोट लावलं तिथे पसरली. दुसरी त्यापेक्षा बरी, पण काळवंडलेली. मग त्यांना कळलं की सीडीची ती पांढरी पाठ शाई पिते, नवीन सारवलेली जमीन पाणी पिते तशी. म्हणून ते फोटो आधी उजळ करायला लागले. कॉम्प्युटरवर ममता पिठात तोंड घालून आल्यासारखी दिसली, की सीडीवर ती माणसात येते. आधी जाड कागदाच्या गोलावर छापून बघायचं, फोटो भोकाभोवती नीट बसतोय का ते तपासायचं, मगच सीडीला हात घालायचा. प्रिंटर बसून राहिला की शाई वाळते, म्हणून काम नसलं तरी अधूनमधून रंगांची एक पट्टी काढायची. हे सगळं मला तोंडपाठ आहे. कशासाठी, ते विचारू नका.

पुढची अडचण खास आमच्या मुलखातली. नानांचा कापूस घरातच येतो आणि भाव येईपर्यंत पुढच्या खोलीत छतापर्यंत असतो. छापायच्या आधी सीडीवर कापसाचा एक तंतू बसला आणि जावयाच्या मिशीतून पांढरी रेघ गेली. लग्नातच जावई म्हातारा. त्यावर नानांनी उपाय काढला. सीडी छापायची मागच्या खोलीत, आणि लगेच पोळ्यांच्या डब्यात ठेवायची, झाकण जरा तिरकं करून. दुसऱ्या दिवसापर्यंत तिला हात लावायचा नाही. नानांच्या बायकोच्या, सीमावहिनींच्या, पोळ्या तेव्हापासून फडक्यात गुंडाळलेल्या असतात. या माणसाने मला सीडीच्या निम्म्याने जपलं असतं तर मी अजून नवरीच दिसले असते, असं त्या येईल त्याला सांगतात, आणि डबा घासून कोरडा करून त्याच ठेवतात.

शेवटी ममता जमली. तकतकीत चेहरा, शालू शालूच्या रंगाचा, शेजारी काळ्या मिशीचा जावई. फुईने सीडी हातभर लांब धरली आणि क्षणात ओळखली. नाना घरी आले ते गाणं म्हणत. मी त्यांना सांगितलं, गाणं नको, पण सीडी फार सुरेख झाली आहे. ती खरंच झाली होती.

काही दिवसांनी फुईचा फोन. ममताचं तोंड गेलं.

नाना जाऊन सीडी घेऊन आले. कपाळापासून नाकापर्यंत लालपिवळा ओघळ, त्यात डोळे विरघळलेले. जावयाचीही तीच गत. नानांनी दुसरी छापून दिली. तिचंही तेच झालं. मग शाईला दोष देऊन झाला, सीडीला देऊन झाला, तापीकाठच्या दमट हवेलाही देऊन झाला. वरून पारदर्शक रंगाचा फवारा मारून पाहिला, तर सगळं लग्न धुक्यात गेलं. घोडं कुठे पेंड खातंय, काही कळेना. फुईला फोनवर विचारलं तर ती म्हणे, मी तर जपूनच ठेवते. नाना खचले. एवढा हौशी माणूस जेवताना गप्प बसायला लागला, तेव्हा सीमावहिनी मला म्हणाल्या, चल, आपण तिघं सारंगखेड्याला जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघू.

सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घोडेच घोडे, आणि फुईचे मालक उखामामा दारात कोणाच्या तरी घोडीचे दात बघत उभे. त्यांनी आम्हाला हातानेच आत जायला सांगितलं. जेवणं झाली. मग फुईने आमच्यासाठी म्हणून ममताचं लग्न लावलं. सीडी तिने कडेने धरली होती, अगदी नानांनी शिकवलं तशी. नानांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे इथे तर काही चूक नाही.

लग्न संपलं. फुईने सीडी काढली, मांडीवर ठेवली आणि देवळीतला करंडा घेतला. वाटीतल्या पाण्यात बोट बुडवलं. आधी हळद, मग कुंकू, ममताच्या बरोब्बर कपाळावर टेकवलं. जावयाला टिळा लावला. मग दोघांना पाकिटात घातलं.

आम्ही तिघंही बघतच राहिलो. फुईला त्यात बघण्यासारखं काय आहे ते कळेना. ती म्हणाली, "आंडेर घर उनी, तिले कुकू लावाबिगर कशी धाडू?"

माहेरी आलेली लेक निघाली की तिला कुंकू लावतात. माझ्या आईने मला कधी तसंच जाऊ दिलं नाही. एकदा बस सुटायला आली होती, तर ती करंडा घेऊन बसच्या खिडकीशी आली. मला ते आठवलं आणि माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. नानांनी तर पाणी प्यायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

पण मी पडले व्यवहारी. परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, फुईला सरळ सांगा, पाण्याने शाई जाते, कुंकू पाकिटावर लाव म्हणावं. नाना माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी सीडीच्या मधोमध अंगठा टेकवलाय. "फुईले काय सांगवा? सांगनं ते सीडीले सांगसूत," ते म्हणाले आणि शहादा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

सीडीच्या भोकाभोवती एक उघडं प्लॅस्टिकचं कडं असतं, काहींचं चांगलं रुंद. त्यावर शाई धरत नाही. नाना वर्षानुवर्षं अशा सीड्यांना नावं ठेवत आले. त्यांना भोकापर्यंत पांढरी, काठोकाठ छापता येणारी सीडी लागायची, आणि चेहरा भोकापासून जितका लांब तितका चांगला, हा त्यांचा कायदा. एकाने भोकाजवळ नवरदेव छापला होता, तर नानांनी त्याला वर्षभर चिडवलं. आता तेच नाना रुंद कड्याच्या जुन्या सीड्या शोधत नंदुरबारची दुकानं पालथी घालायला लागले. एका दुकानात धूळ खात पडलेलं खोकं मिळालं. दुकानदाराचा सुंठीवाचून खोकला गेला, त्याने वर चहा पाजला.

मग नानांनी ममता आणि जावई भोकाच्या खाली असे बसवले की दोघांची कपाळं त्या कड्याला भिडली. भुवया शाईत, आणि भुवयांच्या वर, जिथे बोट टेकतं, तिथे नुसतं प्लॅस्टिक. कागदाच्या गोलावर किती वेळा छापून पाहिलं, देव जाणे. माझी भाजी दोनदा लागली. शेवटची सीडी पोळ्यांच्या डब्यातून निघाली तेव्हा वहिनींनीच करंडा आणला आणि ओल्या बोटाने कुंकू लावून बघितलं. कुंकू प्लॅस्टिकवर जागच्या जागी राहिलं. कपाळाच्या अगदी मधोमध. खाली ममता हसतेय, डोळ्यांना थेंब लागलेला नाही. मी आणि वहिनींनी टाळ्या वाजवल्या. नाना नुसते खुर्चीत बसले.

फुईला आम्ही काहीच समजावलं नाही. समजावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ती आता सीडी लावायच्या आधी पदराच्या कोरड्या टोकाने ते कडं पुसते, उन्हातून आलेल्या लेकीचं तोंड पुसावं तसं, आणि बघून झालं की पुन्हा हळदकुंकू. डोहाळेजेवण, जावळ, सगळं नानांनी त्याच तऱ्हेने छापून दिलं. फुई त्या सगळ्या पलंगावर मांडते आणि हवी ती उचलते. कोणाला विचारत नाही.

अशीच एकदा मांडून बसली होती, आणि एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवताना थांबली. नाना समोरच बसले होते. तिने विचारलं, "सगळा शेतस. तू कोठे शे, हेमू?"

नाना हसले. ते कुठेच नव्हते. सगळ्या लग्नांत ते कॅमेऱ्याच्या मागे. त्यांनी तिला तसं सांगितलं तर तिला ते पटलं नाही. म्हणाली, मग तू जातोस तेव्हा मी टिळा कोणाला लावू?

नानांचं शूटिंग मी केलं. हात थोडा हलला, पण कॅमेरा धरायला माझ्याशिवाय होतं तरी कोण? लग्न नाही, समारंभ नाही, नुसते नाना मागच्या खोलीत बसून सीडी छापताहेत, फुंकर मारताहेत, झाकण तिरकं करताहेत. फोटोही मीच काढला. नाना स्वतःचा चेहरा उजळ करायला लाजत होते, तर वहिनींनी त्यांना बाजूला सारून केला. कपाळ कड्याला भिडवलं.

ती सीडी द्यायला आम्ही तिघं गेलो. फुईने स्वतःच लावली. पडद्यावर नाना आले आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "पहिले हात धोईसन या, मंग दखाडस."

फुई उठली आणि मोरीवर जाऊन हात धुऊन आली.

आम्ही पोट धरून हसलो, उखामामा घोडीला सोडून आत बघायला आले. फुईला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. तिने हात पदराला पुसले आणि शेवटपर्यंत सगळं बघितलं. मग सीडी काढून मांडीवर घेतली, करंडा उघडला, टिळा आधी सीडीतल्या हेमूला लावला आणि बोटाला उरलं ते शेजारी बसलेल्या हेमूला.