सरांचा राखीव वाक्प्रचार

पेण ते रोहा या पट्ट्यात इंग्रजीतला एखादा वाक्प्रचार आमच्या सरांइतका जपून वापरणारा माणूस झालेला नाही. वाक्प्रचार ‘कम हेल ऑर हाय वॉटर’. म्हणजे वाटेत नरक येवो की पूर, ठरवलेले करणारच. रोह्याच्या शाळेतून निवृत्त झालेले सर दर रविवारी रेल्वेने पेणला येत आणि खाडीकाठच्या एका गावात, समाजमंदिरात, मोठ्या माणसांना फुकट इंग्रजी शिकवत. मीही तिथे बसत असे. नियम एकच: आड काय आले ते सांगता येत नसेल, तर हा वाक्प्रचार वापरायचा नाही. एकाने तो लावून ‘आज वडापाव खाणारच’ असे वाक्य केले. सरांनी विचारले, “वडापावच्या आड कोण आलंय?” वर्ग हसला, सर हसले नाहीत. स्वतःबद्दल ते फक्त ‘आय विल ट्राय’ म्हणत.

आमच्याच वर्गातल्या, मिठागरात काम करणाऱ्या सुनंदाला रोह्याच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत मदतनिसाची नोकरी हवी होती. मुलाखत इंग्रजीत, सकाळी अकराला. तिला सोबत म्हणून सर पहिल्या गाडीने आले, तर घरे ओस. आदल्या उधाणाने बांधाला खांड पाडली होती. दुपारच्या भरतीआधी ती बुजली नाही तर भातशेतीत खारे पाणी शिरणार, म्हणून घरटी एक माणूस रांगेत उभे राहून चिखलाची ढेकळे हातोहात पुढे देत होते. सुनंदा मधोमध होती. “नाय येत, सर. आमच्या घरचं माणूस मीच हाय. बांध सोडला तर गाव काय म्हणंल?”

सरांनी पॉलिश केलेले बूट काढून बांधावर जोडीने ठेवले, पँट दुमडली आणि तिच्या जागी उतरले. “आज तिच्या घरचा मी.”

शेजारची म्हातारी म्हणाली, “जा गो, जा! आन् सर, ढेकूळ पुढं द्या, तपासत बसू नका.”

सुनंदा वेळेत पोचली. खांडही वेळेत बुजली. नोकरी लागल्यावर ती पेढे घेऊन आली. “सर, आता तरी सोताबद्दल म्हणा ते ‘हाय वॉटर’.”

“पाणी गुडघ्याएवढंच होतं,” सर म्हणाले. “नियमात बसत नाही.”

तेव्हापासून त्यांचा गुडघा दुखतो आणि पेणला येणे बंद झाले. समाजमंदिरातला फळा कोरा आहे. रविवारी खाडीकाठची सहा-सात माणसे गाडीने रोह्याला उतरतात आणि सरांच्या ओट्यावर बसतात. शिफ्ट सुटल्यावर सुनंदाही येते. गाडीला उशीर झाला तर सर वर्ग सुरू करत नाहीत. हातात खडू घेऊन ते घराच्या फाटकाशी उभे असतात.