म्हशीने चाटलेली होडी

खाऱ्या वाऱ्याने झिजलेल्या लाकडाचे अगदी जवळून फोटो काढायचे म्हणून पुण्याहून वेंगुर्ल्याला गेले, आणि तिथे बघावं तर सगळ्या होड्या फायबरच्या. प्लॅस्टिकची बादली कितीही जवळून टिपली तरी ती बादलीच. खाडीकाठच्या गोपाळदादांनी माझी निराशा पाहून वर मीठ चोळलं.

"लाकडाची होडी माझी होती. मोडली तेव्हा पारूने, माझ्या भयणीन, एक फळी सासरी, बेळगावाकडे कंग्राळीक नेल्यान आणि बंबात जाळल्यान!"

"तुम्ही पाहिलंत?"

"लोक सांगतत."

तेवढ्यावर बहिणीशी बोलणं बंद. लोकांच्या सांगण्यावर माझा फारसा विश्वास नसल्याने मी पत्ता घेऊन बेळगावची बस धरली. आंबोली घाटात शेजारच्या बाईंना बस लागली आणि त्याचा प्रसाद माझ्या पिशवीला मिळाला. कॅमेरा मांडीवर होता म्हणून वाचला.

कंग्राळीत पारूआक्कांना फळीचं विचारलं. "हाय की," म्हणत त्या मला गोठ्यात घेऊन गेल्या. फळी गव्हाणीला (गुरांच्या चाऱ्याच्या जागेला) ठोकलेली. मऊ भाग खोल गेलेला, कठीण शिरा वर आलेल्या. मी शेणात कोपर टेकून पालथी पडले.

"समुद्राने काय कोरलंय!"

"समुद्र कसला? म्हस चाटती. खारट लागतंय न्हवं तिला," आक्का म्हणाल्या. "हे बघाय एवढ्या लांबनं आलीस व्हय गं?"

माझ्या कलेची अशी पूजा झाल्यावर सोप्यात (पुढच्या खोलीत) भाकरी, लाल चटणी आणि दही मिळालं. जेवता जेवता आक्कांचा आवाज एकाएकी बसला.

"दादाला फोटो धाड. जाळली न्हाय, त्येला दिसूंदे. माझा फोन उचलत न्हाय. दर भाऊबीजेला ताट करून ठेवतो मी, आन् संध्याकाळी मीच उचलतो."

मी हात धुतले. लगेच लॅपटॉप उघडला. पण खोड जाते का? सावल्या गडद केल्या, निळसर छटा दिली, डोळ्यांत खुपणारा एक वाकडा खिळा पुसला आणि फोटो पाठवून दिला. दादांचं उत्तर आलं, "ह्यो समुद्राचो फोटो कित्याक धाडलंस?"

आक्कांनी पडद्यात डोकावून मला झापलं. "ही माझी फळीच न्हवं! खिळा कुठं गेला? त्यो दादानंच मारल्याला, वाकडा!"

मुकाट्याने मूळ फोटो पाठवला. खिळा, शेण, आणि कोपऱ्यात म्हशीची जीभ.

फोन वाजला. "पारूक दी," एवढंच दादा म्हणाले. पुढचं गोठ्यातल्या म्हशीलाही ऐकू गेलं असणार.

"माझी होडी म्हशीक चाटूक दिलंस?"

"दिली! काय करतोस? ईऊन बघ की!"

"येतंय! भाऊबीजेक येतंय आणि बघतंय तुका!"

आक्कांनी फोन ठेवला. पदराने डोळे पुसले आणि चेहरा उजळला. "ऐकलंस न्हवं? भांडला गं माझ्याशी."

परतताना निपाणीला बस थांबली तेव्हा आक्कांचा फोन आला. दादांनी उरलेलं भांडण पुरं करायला पुन्हा फोन केला होता, आणि शेवटी सुके बांगडे किती आणू म्हणून विचारलं होतं. मी खिडकीशी बसून एकटीच हसत होते. आजवर भांडणं मिटवायच्या खटपटी पुष्कळ केल्या, त्यातली एक धड जमली नाही. लावून दिलेलं हे पहिलंच, आणि इतकं समाधान मला एकाही फोटोने दिलेलं नाही.