अकरा घरांचा निरोप

माझा थोरला भाऊ निंगप्पाअण्णा तसा साधा माणूस. दोन एकर तूर, एक म्हैस आणि जीभ महाफाटकी. पण अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या गावात कुणी वारलं की आधी त्यालाच बोलावणं जायचं. निरोपाचं पद त्याच्याशिवाय कुणालाच येत नव्हतं.

पद म्हणजे अकरा घरांना अकरा प्रश्न. गेलेलं माणूस अंगणात बसवलेलं असायचं आणि अण्णा त्याच्या वतीनं गाऊन विचारायचा, "तुझ्या माठाचं पानी पिऊन वाढले, कुंभारदादा, जाऊ का?" मग कुंभाराच्या घरचं कुणीतरी गर्दीतून ओरडायचं, "जा बाई, आमची ना न्हाय." होकार आल्याशिवाय पुढचं कडवं नाही, अन् अकरा झाल्याशिवाय माणूस उचलायचं नाही. एका तोंडानं फक्त आपल्याच घराचा होकार द्यायचा. दुसऱ्या घराचा दिला, तर ते घर गावातनं संपलं असं धरायचं. म्हणून थट्टेतसुद्धा कुणी तसं बोलत नसे.

मी लहान असताना होकार असे पटापट यायचे की अण्णाला दम घ्यायला फुरसत नसायची. मग कुंभार पुण्याला गेले. धनगरांनी मेंढरं विकून रिक्षा घेतली. आम्ही कोष्टी, आमचे माग भंगारात गेले आणि मी सोलापुरात शिलाई मशीन घालून बसले. पोरं म्हणायला लागली, "अण्णा, हायत तेवढीच घरं घ्या की." अकराची आठ झाली, आठाची पाच. प्रत्येक मयतीवरनं अण्णा चरफडत घरी यायचा. "अर्ध्या निरोपावर माणूस हाकलतेत मेले! जनावराला तरी बरं वागवतेत."

त्याची बायको, माझी हेमावतीवहिनी, हे सगळं मुकाट ऐकायची. गेल्या चैत्रात ती अंथरुणाला खिळली. मी भेटायला गेले, तेव्हा माझ्यादेखत तिनं त्याचा हात धरला.

"माझ्या वेळंला अकरा म्हना. मला अर्धवट पाठवू नका."

"म्हनतो की," अण्णा म्हणाला. अकरा आणणार कुठून हा माणूस?

वैशाखात ती गेली. मी पहिल्या एसटीनं पोचले. अंगणात वीसेक माणसं असतील. ऊन मरणाचं. वहिनीच्या कपाळावरचं भस्म वाळून गळत होतं. अण्णानं पद धरलं. सुताराच्या म्हाताऱ्यानं होकार दिला, न्हाव्याच्या सुनेनं दिला. तिसरं कडवं कुंभाराचं. अण्णा थांबला. कुणीच बोललं नाही.

त्यानं परत विचारलं. मग परत. त्याचा मुलगा सोमशेखर वाकून म्हणाला, "अप्पा, कुंभार न्हाईत हितं. पुढचं घ्या."

"येतील."

"कुठनं येतील, अप्पा?"

अण्णा ऐकेना. तास गेला. वहिनीभोवती रचलेल्या बर्फाचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, माश्या घोंगावायला लागल्या. अण्णाचा आवाज फाटला तरी तो तेच विचारत होता, "कुंभारदादा, जाऊ का?" मला ते बघवेना. बाई गं, वहिनीची अशी विटंबना! रागानं की दुःखानं कोण जाणे, मीच ओरडले, "जा बाई, आमची ना न्हाय!"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. न्हाव्याच्या सुनेनं तोंडाला पदर लावला. अण्णानं क्षणभर डोळे मिटले आणि पुढचं कडवं घेतलं. लोहार. पुन्हा मीच. त्या दुपारी आमचं कोष्ट्याचं सोडून आठ घरांचे होकार मी एकटीनं दिले.

वहिनीला मूठमाती देऊन आल्यावर अण्णा माझ्याजवळ बसला. "तंगी," तो म्हणाला. मी धाकटी बहीण, म्हणून कानडीत तो मला तंगीच म्हणायचा. "आठ दारं लावलीस तू आज."

"मग काय करू? वहिनीला उन्हात सडू देऊ?"

"तुझं न्हाय चुकलं. कुणी न्हाय हे मलाबी ठाऊक होतं. कुनाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, एवढंच."

त्यानंतर त्यानं पद म्हटलं नाही. मी किती विनवलं, मला शिकव म्हणून. "विचारायचं कुनाला आता?" म्हणायचा आणि म्हशीला वैरण टाकायला उठायचा.

दिवाळीच्या तोंडावर तोही गेला. सुताराचा म्हातारा आधीच गेला होता आणि न्हाव्याची सून लेकाकडं हैदराबादला. सोमशेखरनं स्पीकरवर मोबाइलमधलं भजन लावलं. अण्णाला अंगणात त्याच जागी बसवलं होतं. मला प्रश्न येत नव्हते, नुसता होकार येत होता. मी त्याच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "जा अण्णा, आमची ना न्हाय." बोटं मोजत अकरा वेळा म्हणाले.

सोमशेखरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आत्या, कुनाशी बोलताय?"

"कुनाशी न्हाय," मी म्हणाले. आणि ते खरंच होतं.