रॉकीचं री-ट्रेनिंग

"मॅडम, ब्रेकडाउन मेकॅनिकल आहे की इलेक्ट्रिकल?"

प्रश्न कुत्र्याबद्दल होता. विचारणारे वाघचौरे, म्हणजे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या चाकणच्या एका कंपनीचे ॲडमिन मॅनेजर. आपल्या विनोदावर ते स्वतःच हसले, त्यामुळे माझ्या हसण्याची गरज उरली नाही.

रॉकी रिसेप्शनच्या मधोमध बसला होता. जर्मन शेफर्ड, उमदा गडी. बसला होता म्हणजे काय, मागचे दोन पाय दोन दिशांना निघून गेले होते आणि उरलेला कुत्रा मध्ये राहिला होता. उठायला गेला की नखं खर्रकन वाजायची आणि पुन्हा बूड खाली.

"एक्स-रे क्लिअर आहे," वाघचौरे म्हणाले. "हाड मोडलेलं नाही. पुढच्या महिन्यात कस्टमर ऑडिट आहे, त्यांची माणसं कारखाना तपासायला येतील. पाहुणे आले की हा दारापासून टेबलापर्यंत रुबाबात चालतो आणि शेकहँड करतो. आमच्या साहेबांची आयडिया आहे ती. तुम्ही जरा मसाज करून फिट सर्टिफिकेट द्या."

मी मसाजवाली नाही. मी जनावरांची डॉक्टर आहे आणि जनावरांची फिजिओथेरपी करते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे नावाआधी डॉक्टर लावायचा मला कंटाळा येत नाही. वाघचौऱ्यांना मी त्या दिवशी दोनदा दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा ते "मसाजवाल्या डॉक्टर मॅडम" म्हणाले. प्रगती म्हणायची.

माझं क्लिनिक पुनावळ्यात आहे. सकाळी टॉवरमधले लॅब्रेडॉर येतात. त्यांचा आजार बहुतेक वेळा मालकाच्या फ्रिजमध्ये असतो. दुपारी मी कुरुळीच्या बाजूला जाते. तिकडे वरातीत नाचणाऱ्या घोड्या आहेत, आणि बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढं पळणाऱ्याही. फ्लॅटवाले विचारतात, "वॉकला कधी जाईल?" घोडीवाले विचारतात, "शर्यतीच्या घाटात कधी पळंल?" दुखतंय का, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, आणि उत्तर मिळालं तर सुट्टी द्यावी लागेल.

रॉकीला मी आधी बाहेर काढलं. गेटपाशी मोकळी माती होती. आमच्या कामात पहिली गोष्ट म्हणजे चाल बघणं. जनावर तोंडानं सांगत नाही, पावलांनी सांगतं. त्याला फिरवायला लिंबाजी होता. लिंबाजी सिक्युरिटी एजन्सीचा गार्ड, परभणीकडचा, आणि रॉकीचा हँडलर. मातीवर रॉकी चालला. मागची पावलं आखूड पडत होती, पण चालला. मी मांडीच्या आतल्या बाजूला बोटं दाबली. त्यानं वळून माझ्याकडं बघितलं. कुत्रा असा बघतो तेव्हा तो शिवी न देता सांगत असतो, की बाई, हेच ते ठिकाण.

मांडीच्या आतले स्नायू दोन्ही पायांना एकमेकांपासून लांब जाऊ देत नाहीत. पाय बाहेर घसरला की ते ताणले जातात. रोज घसरला तर रोज. आदल्या दिवशीचं भरून यायच्या आत पुढचं.

मग मी पंजे उचलून बघितले. तळवे चमकत होते. वास घेतला. तिळाचं तेल.

"लिंबाजी, हे काय?"

"तेल चोळायलोय मॅडम, सकाळ-संध्याकाळ. पायात बळ यावं म्हणून."

"तळव्याला?"

"तळव्यातूनच चढतंय की वर! आमचा आज्जा रोज लावायचा."

"तुझा आज्जा तेल लावून काचेवर चालायचा का?"

लिंबाजीच्या मायेत काही खोट नव्हती. पण आत एपॉक्सीचा फ्लोअर होता. एपॉक्सी म्हणजे जमिनीवर ओततात तो जाड, चकचकीत थर. वाळला की आरसा. एकीकडून कंपनीनं आरसा टाकला होता, दुसरीकडून लिंबाजी तेल घालत होता. मधल्यामधे रॉकीच्या मांड्या फाटत होत्या.

मी उपाय सांगितले. तेल बंद. नखं आणि बोटांमधले केस कापायचे. आराम, गरम शेक, मातीवर हळू चालणं. आणि रिसेप्शनमध्ये त्याच्या वाटेवर रबरी मॅट.

"मॅट सोडून बाकी सगळं करू," वाघचौरे म्हणाले.

"मॅट का नाही?"

"फाइव्ह एस आहे आमच्याकडं. फ्लोअरवर एक्स्ट्रा वस्तू चालत नाही."

फाइव्ह एस ही कारखाना नीटनेटका ठेवायची जपानी पद्धत. मूळची चांगलीच असावी. आपल्याकडं येईपर्यंत तिचा अर्थ एवढाच उरला, की साहेब यायच्या आत सगळं कपाटात कोंबायचं.

"आणि नाहीच जमलं तर टेन्शन घेऊ नका मॅडम. एजन्सी बदली कुत्रा देते. आम्ही माणसं बदलतो, कुत्र्याचं काय घेऊन बसलात!"

गेटवर लिंबाजीनं माझ्या गाडीचं दार धरून ठेवलं. "मॅडम, एजन्सीनं नेल्यालं कुत्रं परत दिसत नाही बगा. कुठं नेतेत कुणी सांगत नाही. अन् नव्या कुत्र्यासंगं त्यांचा नवा माणूस येतोय."

म्हणजे रॉकीही जाणार होता आणि लिंबाजीही. ऑडिटच्या आत.

दोन दिवसांनी मला मीटिंगला बोलावलं. व्हाय-व्हाय ॲनालिसिस होतं. कंपनीत काही बिघडलं की "का?" असा प्रश्न पाच वेळा विचारायचा, मग खरं कारण सापडतं, अशी ही पद्धत. त्या कारणाला रूट कॉज म्हणतात. कुत्रा पडल्याचंही रूट कॉज फाइलला लागणार होतं. समोर पडद्यावर तक्ता होता. ऑपरेटरच्या रकान्यात लिहिलं होतं: रॉकी.

प्लँट हेड साहेब मधल्या खुर्चीत होते. रिसेप्शनचा फ्लोअर त्यांनी स्वतः पसंत केला होता, हे मला बसायच्या आधी दोघांनी कानात सांगितलं.

"पहिलं व्हाय," वाघचौऱ्यांनी सुरुवात केली. "कुत्रा का पडला? पाय घसरला. दुसरं व्हाय. पाय का घसरला?"

"फ्लोअर गुळगुळीत आहे म्हणून," मी म्हणाले.

सगळ्यांनी साहेबांकडं बघितलं.

"फ्लोअर कस्टमरनं अप्रूव्ह केलाय," साहेब म्हणाले.

"कस्टमरच्या पायात बूट होते, सर."

साहेबांनी माझ्याकडं बघितलंच नाही. "वाघचौरे, दुसरं व्हाय परत घ्या."

वाघचौऱ्यांनी ओळ पुसली आणि परत घेतली. पाय का घसरला? ग्रिप घेतली नाही. ग्रिप का घेतली नाही? लक्ष नव्हतं. लक्ष का नव्हतं? ट्रेनिंग अपुरं. ट्रेनिंग का अपुरं? मन लावून घेतलं नाही. रूट कॉज: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय: री-ट्रेनिंग. सगळ्यांच्या चेहऱ्यावर काम झाल्याचं समाधान पसरलं. चहा आला.

मला ही मीटिंग नवीन नव्हती. माझे वडील भोसरीला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या मशीनवर होते. प्रेसला एक जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. माल जास्त निघावा म्हणून ती काढून ठेवलेली होती. वडिलांची दोन बोटं गेली. कागदावर आलं, ऑपरेटरचं लक्ष नव्हतं. बोटं त्यांची गेली आणि ट्रेनिंगही त्यांनाच दिलं. फरक एवढाच, की वडिलांना ट्रेनिंगच्या कागदावर सही करता येत होती.

रॉकीच्या बाबतीत वाघचौऱ्यांनी त्यावरही तोडगा काढला. स्टॅम्प पॅडवर पंजा दाबला आणि कागदावर उठवला. मी थट्टा करत नाहीये. तो कागद मी डोळ्यांनी बघितलाय.

मला वाटलं होतं री-ट्रेनिंग कागदावरच राहील. बहुतेक गोष्टी राहतात. पुढच्या खेपेला गेले तर रॉकी सिक्युरिटी केबिनमधल्या बाकाखाली शिरून बसला होता. बाहेर येईना. मांडी सुजली होती, हाताला गरम लागत होती.

"काय केलंस?" मी लिंबाजीवर ओरडले.

"म्या काय करू मॅडम! ऑर्डर हाय. शिफ्ट सुरू व्हायच्या टायमाला रोज फ्लोअरवर चालवायचं. पडलं की उठवायचं, परत चालवायचं. रडायलंय ओ ते. मी बी…" तो बाकाखाली वाकून रॉकीची पाठ चोळायला लागला.

मी तशीच वाघचौऱ्यांच्या केबिनमध्ये गेले. ते माझ्या आधी बोलले. "मॅडम, आज फिट लिहून द्या. नाहीतर मला एजन्सीला मेल टाकावा लागेल."

"देते की लिहून. मातीवर फिट. तुमच्या फ्लोअरवर कुणीही अनफिट."

"असं करू नका हो."

"मग फ्लोअरवर मॅट टाका."

त्यांनी दार लोटून घेतलं. आवाज खाली आला. "मॅडम, मला काय दिसत नाही का? मी स्वतः भिंतीला धरून चालतो तिथून. पण साहेबांसमोर फ्लोअर हा शब्द काढता येत नाही. मलाही घर आहे."

पहिल्यांदाच माणूस खरं बोलला. मला त्याचं काय करावं कळेना म्हणून मी काचेतून खाली मशीन चालतात त्या शॉपकडं बघत राहिले. खाली मशीनच्या मधून हिरवा पट्टा गेला होता, दोन्ही कडांना पिवळी लाइन. माणसं त्यातूनच चालत होती. कोपऱ्यात जमिनीवर एक पिवळा चौकोन, त्यात झाडू, वर पाटी: झाडू. शेजारी दुसरा चौकोन, त्यात कचऱ्याचा डबा, वर पाटी: डस्टबिन. म्हणजे वस्तू चालत नाही असं नव्हतं. तिच्याभोवती पिवळी लाइन हवी आणि तिला नाव हवं.

"वाघचौरे," मी म्हणाले, "रिसेप्शनमध्ये वॉकवे का नाही?"

"वॉकवे?"

"शॉपमध्ये आहे. मग व्हिजिटरनं रिसेप्शनमध्ये कुठून चालायचं? ऑडिटमध्ये विचारलं म्हणजे?"

त्यांचा चेहरा उतरला. कुत्र्याच्या सुजलेल्या मांडीनं जे झालं नव्हतं, ते या एका वाक्यानं झालं.

"अँटी-स्किड वॉकवे," मी म्हणाले. "दोन्ही बाजूंनी पिवळी लाइन. दारापासून टेबलापर्यंत."

"म्हणजे मॅट नाही ना?"

"छे! मॅट कशाला?"

"पण रबरचा."

"अँटी-स्किड मटेरियलचा."

वाघचौरे हळूच हसले. चाकणमध्ये मूर्ख माणूस ॲडमिन मॅनेजर होत नाही. "मॅडम, हे कायझेन आहे!" कायझेन म्हणजे एखादी छोटी सुधारणा करायची आणि आधीचा व नंतरचा फोटो बोर्डावर लावायचा. "नाव कुणाचं टाकू?"

"तुमचंच टाका. री-ट्रेनिंग तेवढं बंद करा. आजपासून."

साहेबांनी त्याच दिवशी मंजुरी दिली. मॅट म्हणून जी फाइव्ह एसच्या आड येत होती, तीच वॉकवे म्हणून फाइव्ह एसची शान झाली.

मग माझं खरं काम सुरू झालं. आधी गरम शेक आणि नुसता आराम. सूज उतरल्यावर मातीवर फेऱ्या. पुढं जमिनीवर आडवे बांबू ठेवून त्यावरून सावकाश चालवायचं, म्हणजे पाय उचलून नीट टाकायची सवय परत लागते. लिंबाजीचा हात तळव्यावरून मांडीवर आणला. हात चांगला होता त्याचा, फक्त पत्ता चुकला होता. शेवटी वॉकवे. उकडलेल्या अंड्याच्या तुकड्यामागं रॉकी आला. पाऊल पिवळ्या लाइनकडं गेलं की आम्ही थांबायचो आणि त्याला मध्ये घ्यायचो. फार शिकवावं लागलं नाही. लाइनच्या पलीकडं काय होतं ते त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

ऑडिटच्या दिवशी वाघचौऱ्यांनी मला व्हिजिटरचा बिल्ला लावून कोपऱ्यात उभं केलं. कस्टमरची माणसं दारात आली. रॉकी निघाला. सगळे त्याचा रुबाब बघत होते, मी मागचे पाय. दोन्ही सरळ पडत होते, पावलं लांब आणि सारखी. टेबलापाशी त्यानं शेकहँड केला. टाळ्या झाल्या. लिंबाजीनं तोंड भिंतीकडं केलं.

मग रॉकी वळला, वॉकवेच्या मधोमध आला आणि आडवा झाला. मऊ जागा मिळाली होती. वाट बंद.

"चल बाळा, सरक," लिंबाजी कुजबुजला. रॉकीनं डावीकडच्या आरशाकडं बघितलं, उजवीकडच्या आरशाकडं बघितलं आणि डोळे मिटले.

पाहुणे सभ्य होते. थोडा वेळ थांबले, मग फ्लोअरवरून वळसा घालून निघाले. एकानं दुसऱ्याचं कोपर धरलं. तिसरा सोफ्याच्या पाठीला धरून धरून, तोलूनमापून पावलं टाकत पुढं सरकला. ऑडिटर बाई सगळ्यात मागं होत्या. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या.

साहेब दात आवळून माझ्या कानाशी आले. "हा हलत का नाही?"

"सर, फ्लोअर बघून मगच पाऊल टाकतो तो."

ऑडिटमध्ये एकच शेरा आला, रिसेप्शनचा उरलेला फ्लोअर घसरडा आहे. आठवड्याच्या आत त्यावर खरखरीत थर चढला. त्याचं व्हाय-व्हाय कुणी केलं नाही. वाघचौऱ्यांना बेस्ट कायझेनचं बक्षीस मिळालं. रॉकी आणि लिंबाजी दोघंही कंपनीतच आहेत, ड्यूटी गेटवर, मातीत.

मी एक सुधारणा करून घेतली. या पट्ट्यातल्या कंपनीत कुठल्या जनावराला दुखत असलं, तर दुखतंय असं मी सांगत नाही. ऑडिट पॉइंट निघेल म्हणते. गाडी पाठवतात मला न्यायला.