शीतलच्या आलापाखालचा सूर

हे बायकोला ठाऊक न्हाई, बँडातल्या कुणाला न्हाई. आज तुला सांगून राहिलो, पण मधी बोलू नको. समजूत तर अजिबात काढू नको — मला राग येतो.

नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रात बावीस वर्षं झाली, मी बेस वाजवतो. लग्नं, जयंत्या, गणपती, कॉलेजची गॅदरिंगं. तू आमचा कार्यक्रम पाहिला असशील आणि मला पाहिलं नसशील. मागं, ड्रमच्या बाजूला, चार जाड तारांची गिटार घेऊन उभा असतो — तो मी. लोक गाणाऱ्याकडं बघतात, कीबोर्डवाल्यासोबत फोटो काढतात. मला एकदा एकानं विचारलं, तुमची गिटार बंद हाय का? लई राग साठला होता माझ्यात. पण त्या रागानं मी हे केलं असं म्हणणार न्हाई. राग तर बँडात सगळ्यांनाच असतो.

शीतल आमची गाणारी. उदगीरची, बापाचं किराणा दुकान, घरच्यांशी भांडून गाण्यात आलेली. मला दादा म्हणायची. म्हणायची, दादा, स्टेजवर दुसरं काही नीट ऐकू येत न्हाई, मी तुमचा सूर धरून गाते. खरंच धरायची. बेस समोरच्या लोकांना कळतही न्हाई, पण गाणारं माणूस त्याच्यावरच उभं असतं.

एकदा किल्लारीला जायचं होतं आणि जीपमधी जागा कमी पडली. ती ऑर्केस्ट्राच्या मालकाला म्हणाली, "दादांना राहू द्या घरी. बेस काय, कीबोर्डवर डाव्या हातानं होतंय."

मी दाराबाहेर उभा होतो. माझी कंबर त्या आठवड्यात धरली होती, नीट बसताही येत नव्हतं. ती त्यासाठीच बोलली — हे मला तिथंच कळलं होतं. कळूनही मी पेटलो. एवढी वर्षं वाजवतो, आणि डाव्या हातानं होतंय?

महिन्याभरानं लातूरला, एका मंगल कार्यालयात, दुपारी बायकांचा मेळावा होता. संभाजीनगरच्या मोठ्या ऑर्केस्ट्राचा एक माणूस खास शीतलला ऐकायला आला होता. त्यांना मुख्य गायिका पाहिजे होती. सकाळपासून तिनं गरम पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

तिच्या गाण्यात एक जागा होती. सगळी वाद्यं थांबायची, ती एकटी आलाप घ्यायची, आणि खाली फक्त माझा एक लांब सूर. त्या जागेला मी गिटारच्या दांडीवर बोट एक पडदा खाली घेतलं. अर्ध्या सुराचा फरक. चुकून न्हाई. मुद्दाम.

तिचा आवाज जरासा हलला. आणि मग ती माझ्या सुराकडं आली. स्वतःचा बरोबर सूर सोडून तिनं माझा धरला. एवढा भरवसा ठेवतं का कुणी? पुढच्याच क्षणी बाकीची वाद्यं मूळ सुरात शिरली, त्यांच्यासोबत मीही गुपचूप शिरलो, आणि उघडी पडली ती एकटी. पुढच्या बाया एकमेकींकडं बघून हसल्या. तो माणूस चहाला म्हणून उठला तो परत आला न्हाई.

तिथं तरी थांबलो का? न्हाई. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याकडंच आली, डोळे लाल.

"दादा, खरं सांगा. मी सूर सोडला का?"

"हाव," मी म्हणलो. "तुझा कान कच्चा हाय, शीतल. वाईट वाटंल म्हणून आजवर बोललो न्हाई."

हे मी मायेनं म्हणलो, डोक्यावर हात ठेवून. असा नीच माणूस मी.

तिनं गाणं सोडलं. पोटापाण्यासाठी ऑर्केस्ट्रात राहिली, आता निवेदन करते, दुसऱ्यांची गाणी सांगते. तिचा नवरा एकदा म्हणला, ही घरात काम करताना गुणगुणतसुद्धा न्हाई.

परवा विष्णुपुरीला कॉलेजच्या पोरांसमोर कार्यक्रम होता. शेवटी ती वादकांची ओळख करून देते. माझ्यापाशी आली.

"आणि बेस गिटारवर आमचे दिलीपदादा. माझी चूक मला तोंडावर सांगणारं हे एकच माणूस."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला.